लवणातलं बटाटं

फोन आला तेव्हा अपेक्षा लवणात मेथी खुरपत होती. मातीच्या हातानंच तिनं तो कानाला लावला, आणि बोलणं संपलं तेव्हा अर्धा गाल चिखलानं माखला होता, तरी तिला पत्ता नव्हता. खुरपं तिथंच सरीत टाकून ती घराकडं पळत सुटली. बांधावर ओढणी बाभळीला अडकली, तिनं ओढली, ती टरकन फाटली. फाटली तर फाटली. पुण्याची माणसं येणार होती. सदाशिव पेठेतली. रविवारी, गाडी करून, तिचं शेत बघायला.

तिचं म्हणायचं आपलं. शेत सासऱ्याचं, गेनबाचं. पण कालव्याच्या पाझरानं बारमाही ओला राहणारा हा सखल तुकडा, ज्याला घरात सगळे लवण म्हणत, तो लग्न होऊन आल्यापासून अपेक्षाच राखत होती. मेथी, पालक, गाजर, वांगी, घेवडा, जे टाकेल ते लवणात येई. आणि आता त्याच लवणावर हिंदुरावचा डोळा होता.

हिंदुराव म्हणजे गेनबाचा चुलतभाऊ. माणूस वाईट नव्हता, उलट चांगला हसतमुख होता. पण लोणी काळभोरात सोलापूर रस्त्याला लागून मोकळी जमीन असली की तिच्यात लग्नाचं लॉन उगवतं, आणि हिंदुरावच्या जमिनीत ते लवणाला खेटूनच उगवलं होतं. लग्नाच्या गाड्या रस्त्यावर लागत आणि बोंबाबोंब होई. म्हणून त्याला लवण पाहिजे होतं, गाड्या लावायला. मुरूम टाकला की झालं, दादा, तुम्हाला कसलं कष्ट नको, असं तो दिवाळीपासून म्हणत होता. साईनाथला, अपेक्षाच्या नवऱ्याला, ते पटलं होतं. कंपनीतून आल्यावर मोटर चालू करायला लवणात उतरायचा त्याला वीट आला होता. गेनबा हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. शेवटी अपेक्षानं धीर करून सासऱ्यापुढं तोंड उघडलं होतं. मामा, दर आठवड्याला बांधून माल घेणारी गिऱ्हाइकं मी आणते, मग तर लवण ठेवाल?

"आन," गेनबा म्हणाला होता. "पर आयतवारपातुर. आयतवारी मी हिंदूला शबुद देनार हाय."

आणि आज ती गिऱ्हाइकं स्वतःहून येतो म्हणत होती. पळू नको तर काय करू?

घरात गेनबा जेवायला बसला होता आणि सरुबाई, अपेक्षाची सासू, चुलीपुढं भाकरी थापत होती. आता इथं एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. गेनबाच्या गळ्यात तुळशीची माळ. तो मासमच्छी तर सोडाच, कोंबडीला हातसुद्धा लावायचा नाही. परड्यातल्या कोंबड्या हा सगळा सरुबाईचा कारभार. खुराडं तिचं, डालगी तिची, बाजारातून येणारी मीठमिरचीही तिच्याच कोंबड्यांच्या पैशाची. कोंबड्याही अशा एकनिष्ठ की फक्त तिच्या हाळीला येत. दुसऱ्या कुणी कितीही दाणे टाकले तरी माना वाकड्या करून बघत राहत. गेनबाचं म्हणणं एकच होतं, ती वस्तू माझ्या कानावर पडता कामा नये. म्हणून त्या घरात अंड्याला अंडं म्हणायची सोय नव्हती. सरुबाईनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याचं नाव ठेवलं होतं बटाटं. आज किती बटाटं निघालं, बटाट्याला गिऱ्हाईक आलंय, सूनबाई, बटाटं जरा जपून ठिव. अपेक्षानंही आल्याआल्या ती भाषा उचलली होती.

"आत्या, ठरलं," ती दारातूनच म्हणाली. "रविवारी येतायत. चांगली गाडीभर माणसं. आवडलं तर दर आठवड्याला नेणार, भाजी पण आणि," इथं तिचं लक्ष सासऱ्याकडं गेलं, "आणि बटाटं पण. खरं तर बटाट्यासाठीच येतायत."

सरुबाईचा भाकरीवरचा हात थांबला. "बटाट्यासाठी? पुन्यास्नं?"

"व्हय. गावरान पाहिजे म्हणाल्या त्या हेमाकाकू."

"मग धुवून पुसून ठिवू का?"

"अजिबात धुवायचं नाही. धुतलं की टिकत नाही. मळकंच असू दे."

"आन बारकं-मोटं?"

"आसंल तसं. बारकं तर त्यांना उलट जास्त आवडतं."

गेनबानं आमटीचा भुरका मारला. "येडी दिसत्यात पेठंतली मान्सं," एवढंच म्हणून तो पुन्हा ताटात बघायला लागला.

अपेक्षा आनंदात होती. तिच्या ध्यानात आलं नाही की लवणाच्या वरच्या सऱ्यांत यंदा खरोखरचं बटाटं लावलंय आणि माघाच्या थंडीनं ते नेमकं काढणीला आलंय. आणि सरुबाईच्या डोक्यात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. सदाशिव पेठेतली सोवळ्यातली माणसं अंड्यासाठी सोलापूर रस्त्यानं येतील, हे तिला कुणी देवळात उभं राहून सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

पुढचे दिवस अपेक्षानं अंगात वारं शिरल्यागत काम केलं. पाट साफ केले, वांग्याची वाळकी पानं तोडली, घेवड्याचा वेल सुतळीनं ताणून बांधला. पहाटेचं धुकं कालव्यावरून उठायच्या आत ती लवणात असे आणि बोटं गारठून खुरप्याची मूठ हातातून सुटे. नखांत माती, टाचांना भेगा, कंबर तर काटकोनात धरलेली. पण मधेच उभी राहून ती सगळ्या लवणावर नजर फिरवी आणि तिच्या पोटात गुदगुल्या होत. मेथी कशी टवटवीत उभी होती. एखादं गाजर ती उपटून बघे, तिथंच विजारीला पुसून खाई, आणि स्वतःशीच म्हणे, हे खाल्ल्यावर पुणेकर परत जायचं नाव काढणार नाहीत.

शेजारच्या सरीत सरुबाई वाकून बटाटं काढत होती. कुदळीचा हलका घाव, मग दोन्ही हातांनी माती उकरायची. अपेक्षानं ते बघितलं, आणि पाहुण्यांच्या जेवणाला भाजी होईल म्हणून तिला उलट बरंच वाटलं.

"सगळंच काढताय, आत्या?"

"सगळं. कमी पडाया नगं," सरुबाई म्हणाली. तिलाही पाहुण्यांची हौस काही कमी नव्हती.

साईनाथ कामावरून आला की बांधावर उभा राही. "एवढं करून ते कोथिंबिरीची एक जुडी नेतील आणि फोटो काढतील," तो म्हणे. "शहरातली माणसं ओळखत नाहीस तू."

"तुम्ही रविवारी फक्त इस्त्रीचा शर्ट घाला," अपेक्षा म्हणे, "बाकीचं माझं मी बघते."

शनिवारी हिंदुरावच्या लॉनवर भावकीतल्या एका मुलीची हळद होती. घरचंच कार्य, जाणं भाग होतं. डीजे असा लावला होता की शेजारी बसलेल्या बाईशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं, आणि सरुबाई गप्प बसणारी नव्हे. चार गावच्या पाहुण्या भेटलेल्या. ती ओरडून ओरडून बोलली. रविवारी उठली तर घसा पार बसलेला. तोंड हलायचं आणि नुसतं वारं बाहेर यायचं. गेनबा दूध घेऊन परड्यात आला, त्यानं तिचं ते मुकं बोलणं बघितलं आणि म्हणाला, "आज घरात शांतता दिसती." सरुबाईनं त्याला हातातला खराटा दाखवला.

अपेक्षा तेव्हा नव्या साडीत गजरा माळत होती. पाहुणे फाट्यावर चुकतील म्हणून ती साईनाथच्या गाडीवर बसून रस्त्यावर जाऊन उभी राहिली. वाट बघताना तिनं किती वेळा पदर सारखा केला याला गणती नाही.

गाडी आली. दार उघडलं आणि आधी एक बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांचा बॉब केलेल्या, कापडी पिशवी खांद्याला अडकवलेल्या बाई उतरल्या. याच हेमाकाकू. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, आणि ओळखीच्या घरांना जमवून चांगलं शेत शोधत गावोगाव फिरणाऱ्या. त्यांच्या मागून त्यांचे यजमान गोपाळकृष्णराव, डोक्यावर कानटोपी, आणि कॅमेरा गळ्यात घालून त्यांची भाची ऋचा. बाकी शेजारीपाजारी, नातेवाईक.

"तूच अपेक्षा ना? फोनवर आवाज मोठा होता, मला वाटलं अंगानंही मोठी असशील," हेमाकाकू म्हणाल्या. अपेक्षाला हे कौतुक की काय ते कळलं नाही, ती हसली. पुणेकरांचं असंच असतं, हे तिला माहेरच्या शाळेतल्या पुणेरी शिक्षकांपासून माहीत होतं.

"आत्ता एक शेत बघून आलो," गोपाळकृष्णराव चालता चालता म्हणाले. "गावरान अंडी म्हणून दिली. हिनं ओल्या रुमालानं पुसलं तर रंग गेला. चहाच्या पाण्यात घोळवलेली होती."

"चहा तरी चांगला असता," हेमाकाकू म्हणाल्या. "म्हणून आता आम्ही आधी कोंबड्या बघतो, मग अंडी. तुझ्याकडे आहेत ना?"

"भरपूर," अपेक्षा म्हणाली. तिची छाती फुलली होती. "परडं भरलंय नुसतं."

लवणात उतरले तेव्हा धुकं विरलं होतं आणि पानापानावर दंव होतं. पुण्याची माणसं आधी जपून, चपला सावरत उतरली. मग ऋचानं एक गाजर उपटलं, त्याच्याबरोबर मातीचा गोळा आला, आणि तिथून सगळं बिघडलं म्हणा की सुधारलं म्हणा. "हे फारच फ्रेश आहे गं," म्हणत ती पाटाच्या पाण्यात ते धुऊन खायला लागली, आणि मग कुणी थांबेना. कुणी मुळा उपटतंय, कुणी घेवडा तोडतंय. एका आजोबांनी चपला काढून पाटात पाय सोडले. गोपाळकृष्णरावांनी कानटोपीत वांगी भरली. अपेक्षा एका सरीतून दुसऱ्या सरीत धावत होती, हे बघा, इथं बघा, ही पालक परवा पुन्हा फुटेल, म्हणत होती, आणि तिचा गजरा कधीच कुठंतरी मेथीत पडला होता. साईनाथ इस्त्रीच्या शर्टात बांधावर उभा राहून बघत होता. त्याच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं, ते तिनं चोरून बघून घेतलं. गेनबा पलीकडं खाली मान घालून कोथिंबिरीला पाणी देत होता. हेमाकाकू कमी बोलत होत्या, पण त्यांची पिशवी फुगत चालली होती.

"चला, आता कोंबड्या," त्या म्हणाल्या.

अपेक्षा त्यांना घेऊन परड्यात आली आणि तिथंच उभी राहिली.

परडं शेणानं लख्ख सारवलेलं होतं. खुराड्याचं दार सताड उघडं, आत एक पीससुद्धा नाही, आणि दारापुढं रांगोळी. मधोमध नवी चादर अंथरलेली, आणि तिच्यावर खरोखरच्या बटाट्यांची रास. मळकी बटाटी, धुतलेली नव्हेत. बारकी वेगळी, पुढं मांडलेली. राशीला हळदकुंकू वाहिलेलं. शेजारी सरुबाई इरकली नेसून, डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून उभी होती. तोंडानं काहीतरी म्हणत होती, बहुतेक या बसा म्हणत असावी, पण बाहेर वारंच आलं.

अपेक्षाला सगळं एकदम कळलं. गावरान, मळकं, बारकं.

"छान आहेत हो बटाटे," हेमाकाकू म्हणाल्या. "कोंबड्या कुठे?"

अपेक्षा सासूजवळ गेली. "आत्या, कोंबड्या?" ती दातओठ आवळून कुजबुजली. सरुबाईनं डोळे मिचकावून, मोठी कामगिरी केल्यागत, हातानं सांगितलं, की पाठवल्या लांब, काळजी नको, वास पण येणार नाही. सुनेचा चेहरा बघितल्यावर मात्र तिचा हात हळूहळू खाली आला.

आता काय करावं? अपेक्षा आत धावली, कॉटखालची भुशाची पाटी ओढून आणली. त्यात अंडी होती, आठवड्याची साठवलेली. "ही बघा, काकू. आमचीच आहेत. घरची."

हेमाकाकूंनी एक अंडं उचललं. पिशवीतून रुमाल काढला. रंग गेला नाही. तरी त्यांनी ते परत भुशात ठेवलं.

"अंडी आहेत आणि कोंबडी एकही नाही," गोपाळकृष्णराव म्हणाले. "आधी काय आलं हा जुना वाद तुमच्या गावानं मिटवला म्हणायचा."

मागं कुणीतरी हसलं. हेमाकाकू हसल्या नाहीत. "हे बघ," त्या म्हणाल्या, "भाजी उत्तम आहे. पण माझ्या शब्दावर एवढी घरं पैसे टाकतात. सकाळी एकदा फसले, आता पुन्हा नाही फसायचं मला. परडं भरलंय म्हणालीस तू." त्यांनी पिशवी खांद्यावरून काढली आणि आतली गाजरं एकेक करून ओट्यावर ठेवायला लागल्या. ते बघून अपेक्षाच्या डोळ्यांपुढं लवण आलं, मुरूम टाकलेलं, वर गाड्या लावलेलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. गेनबा गडबड ऐकून परड्याच्या दाराशी येऊन उभा राहिला होता, खांद्यावर खोरं घेऊन. अपेक्षानं एकदा त्याच्याकडं बघितलं. मग ती बोलायला लागली, आणि बोलताना तिचे कान लाल होत गेले.

"काकू, खोटं नाही बोलले. आमच्या घरात ना, अंड्याला अंडं म्हणत नाहीत. आमचे मामा माळकरी आहेत. त्यांच्यापुढं आम्ही बटाटं म्हणतो. तुम्ही बटाट्यासाठी येताय असं मी आत्यांना सांगितलं. यंदा नेमकं खरं बटाटं पण आलं होतं. आणि आत्यांना वाटलं, पेठेतली माणसं, कोंबड्या बघून विटाळ मानतील. म्हणून त्यांनी त्या लपवल्या. तुमचा मान ठेवायला केलं त्यांनी." एवढं बोलून तिनं मान खाली घातली. इतक्या वर्षांचं सासूचं गुपित तिनं सासऱ्यापुढं, परक्या माणसांपुढं, उघडं पाडलं होतं. सरुबाई राशीकडं बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिच्या अंगावरच्या ठेवणीतल्या लुगड्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

गेनबानं खांद्यावरचं खोरं तेवढं खाली टेकवलं.

हेमाकाकूंच्या हातातलं गाजर हातातच राहिलं. "बटाटे," त्या म्हणाल्या. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी तो आवरला. "बरं. मग पाठवल्या कुठे?"

उत्तर सरुबाईला द्यावं लागलं नाही. लॉनच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला. सगळे बांधावर धावले, पुणेकर सुद्धा, आजोबा तर अनवाणीच.

हिंदुरावच्या लॉनवर संध्याकाळच्या लग्नाची तयारी चालली होती. हिरवंगार लुसलुशीत गवत, मधून लाल गालिचा, टोकाला फुलांनी मढवलेलं स्टेज. सरुबाईनं सकाळी वॉचमनच्या हातापाया पडून कोंबड्या डालग्यांत भरून नेऊन तिथल्या भांड्यांच्या खोलीत कोंडल्या होत्या. आचाऱ्यानं कढई काढायला दार उघडलं, आणि झालं. तांबड्या, काळ्या, कवड्या कोंबड्या त्या हिरवळीवर पसरल्या होत्या. हळदीत उधळलेले तांदूळ गवतात राहिले होते, ते टिपत होत्या. तुरेवाला कोंबडा नवरदेवाच्या खुर्चीवर चढून मान ताणून उभा होता. आणि हिंदुराव पांढऱ्या कपड्यांत, हातात केळीचा खुंट घेऊन, त्यांच्यामागं पळत होता.

"दादा, आवरा ह्यास्नी," तो लांबूनच ओरडला. "गालिच्याचा चिखल केला सगळा."

"त्याच का?" हेमाकाकूंनी विचारलं.

"त्याच," अपेक्षा म्हणाली. "आमच्याच." पण हे म्हणून भागणार नव्हतं. लॉनवरच्या कोंबड्या कुणाच्याही असू शकतात.

साईनाथ तारेवरून उडी मारून आत गेला. इस्त्रीचा शर्ट खांद्यावर फाटला. तो एकीमागं धावला की दुसऱ्या दोघी पायांतून निसटत. ऋचा गेली, तिच्याबरोबर आणखी दोघंतिघं गेले, आणि थोडक्या वेळात सदाशिव पेठेची निम्मी गाडी हिंदुरावच्या लॉनवर वाकून हात पसरून पळत होती. अपेक्षानं बांधावरून आ आ आ केलं, पळत जाऊन पदरात दाणे आणले आणि उधळले. एका कोंबडीनं मान वाकडी करून तिच्याकडं बघितलं आणि परत तांदूळ टिपायला लागली. सरुबाई तारेला धरून उभी होती. तिचं तोंड हाळी देत होतं, गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या, आणि आवाज येत नव्हता. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"या गं बायांनो, या या या... तीऽ तीऽ तीऽ तीऽ... याऽ माज्या मायांनो, या..."

बारीक, गोड, वरच्या पट्टीतला बाईमाणसाचा आवाज. थेट सरुबाईची हाळी, तोच हेल, शेवटची तीच उडती 'ती'. अपेक्षानं वळून बघितलं तर गेनबा होता. पटक्याखाली चेहरा नेहमीसारखा गंभीर, एक हात कानामागं, आणि तोंडातून ती हाळी येत होती.

लॉनवरच्या माना एकदम वर झाल्या. तांबडी पहिली निघाली. तिच्यामागं काळी, मग सगळ्याच, पंख अर्धे उघडून, गालिचा ओलांडून, तारेखालून घुसून, बांधावरून उड्या टाकत. खुर्चीवरचा कोंबडा शेवटी आला, जरा मानात. गेनबाच्या पायांभोवती कोंबड्याच कोंबड्या झाल्या. एक तर त्याच्या पायावर उभी राहिली, आणि त्या माळकरी माणसानं पाय काढून घेतला नाही.

लॉनवरचे लोक वाकलेले तसेच उभे राहिले. मग सरुबाईचा घोगरा, फाटका आवाज कुठूनतरी वर आला.

"म्हंजे मागं माजा पाय मोडला तवा... मी थेऊरला भावाकडं पडले व्हते तवा..."

"मुकी जितराबं," गेनबा म्हणाला. त्याची नजर जमिनीला होती. "उपाशी ठिवायची व्हय? आन माज्या आवाजाला येत नव्हती. मग काय करनार."

"आन मी शेजारनीला कोंबड्या राखल्या म्हनून खण दिला की," सरुबाई म्हणाली. "तिनं घेतला कसा मग?"

हेमाकाकू इतक्या हसल्या की त्यांना बांधावर बसावं लागलं. अपेक्षाही हसत होती, आणि हसताना तिला रडू येत होतं, आणि दोन्ही कुठल्या डोळ्यातून कसं यायचं ते कळत नव्हतं. तिला सासऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण मधे कोंबड्या होत्या.

"जगात कुठल्या कोंबड्या कुणाच्या याचा एवढा पक्का दाखला मी पाहिला नाही," गोपाळकृष्णराव म्हणाले. त्यांनी कानटोपीतली वांगी काढून बायकोच्या पिशवीत टाकली. ओट्यावरची गाजरं आणायला ऋचा मागं पळाली.

हेमाकाकूंनी डोळे पुसले. "अपेक्षा, पुढच्या रविवारपासून. आमची सगळी घरं. भाजी तू ठरवशील ती," त्या म्हणाल्या. "फक्त निरोप देताना कुठले बटाटे ते नीट सांगत जा."

हिंदुराव तोवर तारेपाशी आला होता. केळीचा खुंट त्याच्या हातातच होता. राग ओसरला होता त्याचा, तोही हसत होता, पण माणूस धंद्याचा. "बरं झालं समदी हाईत," तो म्हणाला. "दादा, आज आयतवार. मग लवनाचं काय करायचं? शबुद देतो म्हनला व्हता."

अपेक्षाचं हसणं थांबलं. साईनाथ फाटका शर्ट हातात धरून गेनबाकडं बघायला लागला. गेनबानं पटका काढला, झटकला, परत बांधला. त्याच्या पायावरची कोंबडी अजून हलली नव्हती.

"लवान जमायचं न्हाई, हिंदू," तो म्हणाला. "तितं आमचं बटाटं हाय."

"बटाटं तर वैनीनं सगळं उपटलं की. मी काल बांधावरनं बघितलं. रिकाम्या सऱ्या हाईत."

"ते न्हवं रं," गेनबा म्हणाला. त्यानं सुनेकडं एकदा ओझरतं बघितलं आणि मग पायाशी वाकून, आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत, तांबडीच्या पाठीवर हात ठेवला. "ह्ये बटाटं. ह्यास्नी हिंडाया जागा नगं का?"